गोणपाटामागचे डोळे

माझं नाव पोपट. या नावाच्या माणसाने निदान थोडंफार बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते, आणि सहासष्ट वर्षं मी ती पुरी केलेली नाही. पेणमधल्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. ती माझ्याच सोयीसाठी लावली आहे अशा समाधानात मी तिच्याखाली सदतीस वर्षं बसलो. तेव्हा आता जे सांगणार आहे ते मी केलं, यावर माझाच अजून नीट विश्वास नाही. तुमचा बसावा असा आग्रह कसा धरू?

गोष्ट गेल्या भाद्रपदातली, म्हणजे शहाण्णव सालची. आमचं मूळ घर रोह्याचं. माझे थोरले भाऊ वारले, तिथे आता गिरजावहिनी असतात. घरचा गणपती पेणहून नेऊन पोचवणं हे माझं काम, कारण मी पेणला रामवाडीत एकटा राहतो आणि दुसरं कुठलंही काम मला कोणी सांगत नाही. आमच्याकडे पद्धत अशी की आषाढात घरचा लाकडी पाट कारखान्यात द्यायचा आणि त्याच पाटावर मूर्ती घडवून घ्यायची. पाटाच्या खालच्या बाजूला खडूने नाव लिहायचं. वहिनींचा पाट कमळाकरच्या कारखान्यात जातो आणि त्यांच्या मागे त्यांच्या आळीतले सगळे पाट जातात. पाट पेणला आणणाऱ्या टेम्पोवाल्याला वहिनी ओरडून सांगतात, टेम्पोवाला निमूट ऐकतो, तसेच आळीतले लोकही.

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मी मूर्ती तयार आहे का ते बघायला गेलो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या ओट्यावर, रस्त्यावरून दिसेल असा, म्हातारा गोविंदा बारीक ब्रश घेऊन एका गणपतीच्या तोंडासमोर बसला होता. गणपतीचे डोळे काढणं म्हणजे आखणी. कारखान्यातलं ते सगळ्यात मानाचं काम. गिऱ्हाइकं गोविंदाकडे कौतुकाने बघत होती. तेवढ्यात मला रस्त्यावरून हैबतराव येताना दिसले.

हैबतराव पूर्वी आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. आता रोह्याला, वहिनींच्याच आळीत राहतात. माणूस वाईट आहे असं मी म्हणणार नाही, म्हणजे मोठ्याने म्हणणार नाही. पण ते दिसले की अजूनही माझा हात आपोआप टेबलावरचे कागद सरळ करायला जातो, समोर टेबल नसलं तरी. मी इकडे तिकडे बघितलं आणि मागच्या बाजूला टांगलेल्या गोणपाटाच्या पडद्याआड शिरलो.

आत अंधार होता. एक साठचा पिवळा बल्ब छतावरून खाली, अगदी डोक्याला लागेल इतका लोंबत होता. त्याच्याखाली एक बाई बसली होती आणि तिच्या मांडीसमोर आमचा गणपती होता. आमचाच, कारण पाटाचा एक कोपरा वहिनींच्या बंबाशेजारी जळलेला आहे, तो मी कुठेही ओळखीन. बाईने माझ्याकडे न बघता डावा हात वर केला. थांब, अशा अर्थाने. मग तिने श्वास रोखला आणि ब्रश टेकवला.

तिने श्वास रोखला म्हणून मीही रोखला. का ते माहीत नाही. वरची पापणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच ओढीत येते, मध्ये हात उचलायचा नसतो. ती ओढ संपेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बाईने श्वास सोडला. मी सोडला तो इतका जोरात की बल्ब हलला.

"काका, बसा आधी," ती म्हणाली. "पडलात तर देवावर पडाल."

मी तिला ओळखलं. मंगळी. मोतीराम कातकऱ्याची मुलगी. कारखान्यात ती मूर्ती घासायला येते, एवढंच मला माहीत होतं.

"आखणी… तू करतेस?"

"सहा वर्सं झाली. गोविंदाकाकाचा हात थरथरतो ना."

"मग तो पुढे काय करतोय?"

"कोरडा ब्रश हाय त्याचा," मंगळी म्हणाली. "गिऱ्हाइकाला बघायला कोणतरी पायजे." मग तिने मला विचारलं, "तुमच्याकडं देव किती उंचावर बसवतात? आनि बघणारं माणूस उभं राहून बघतं का बसून?"

मी म्हटलं, टेबलावर मखर असतं, आणि वहिनींचे गुडघे गेलेत म्हणून त्या समोर खुर्चीवर बसतात. तिने मान डोलावली, मूर्तीसमोर बोटांनी काहीतरी अंतर मोजलं आणि बुबुळ कुठे येणार तिथे एक ठिपका दिला. मला वाटलं, मी सदतीस वर्षं लोकांना पुस्तकं दिली, पण वाचणारा बसून वाचतो की आडवा पडून, हे कधी कोणाला विचारलं नाही.

तेवढ्यात कमळाकर आत आला आणि मला बघून त्याचं तोंड उतरलं.

"काका, तुम्ही इथे कुठे? हे बघा, कोणाला बोलू नका हां."

"का?" मी विचारलं. हा एवढा एक शब्द माझ्या तोंडून सुटला, आणि पुढचं सगळं त्याच्यामुळे झालं.

"का म्हणजे? लोक पाट उचलून नेतील! कातकरणीच्या हातचे डोळे म्हटल्यावर कोण घेणार? माझं काही नाही हो. मी तिच्या हातचं पाणीसुद्धा पितो." कमळाकरने हे अशा आवाजात सांगितलं की त्याबद्दल त्याला एखादी ढाल मिळायला हवी.

"आनि हजेरीचे पैसे घासाईचेच देतो," मंगळी ब्रश धूत म्हणाली. "काका, मला त्याचंबी एवढं नाय. पन पुढं उजेड हाय. माजे डोळे चालले या बल्बखाली. पुढच्या ओट्यावर बसून काढायचे हायत मला, लोकांसमोर."

"अगं, मी नाही म्हणतो का? एक घर दाखव मला, एक, जे म्हणेल की चालेल आम्हाला. आणि ऐरंगैरं नको." कमळाकरने माझ्याकडे बघितलं. "यांच्या वहिनी म्हणू देत. गिरजाबाई. त्या हो म्हणाल्या तर अख्खी आळी हो म्हणेल. हा पडदा मी माझ्या हाताने काढीन."

तो हसला, कारण गिरजावहिनींना तो ओळखतो. वहिनी सोवळ्याच्या दिवसांत दूधवाल्याच्या सायकलवरसुद्धा पाणी शिंपडतात.

"मी विचारतो," मी म्हणालो.

कोण बोललं हे बघायला मी मागे वळलो. मागे कोणी नव्हतं.

रात्रभर मी स्वतःला शिव्या दिल्या आणि सकाळी ठरवलं की मूर्ती न्यायची, गप्प बसायचं आणि परत येऊन कमळाकरला सांगायचं की वहिनींची तब्येत बरी नव्हती. पण कारखान्यात पोचलो तर मंगळी दारात उभी. धुतलेलं हिरवं लुगडं, पायात चपला, हातात पिशवी.

"मी येते रोह्याला."

"तू कशाला? मी सांगतो ना."

"तुमी सांगनार नाय," ती म्हणाली. रागाने नव्हे. जसं कोणी सांगावं की आज पाऊस येणार नाही.

पेण स्टेशनवर रोह्याची पॅसेंजर आली तेव्हा डब्यात माणसांपेक्षा गणपती जास्त होते. मांडीवर, बाकावर, दोन पायांच्या मध्ये, सगळीकडे रुमालाने तोंड झाकलेले गणपती. वाटेत देवाचं तोंड उघडायचं नसतं. घरी गेल्यावर, दारात ओवाळून झाल्यावरच रुमाल काढायचा. डबा 'मोरया, मोरया' करत होता. खिडकीजवळ हैबतराव बसले होते, मांडीवर दीड फुटी मूर्ती, तिच्या तोंडावर रेशमी रुमाल.

"या ग्रंथपाल!" ते म्हणाले. "आणि ही कोण? हमाल केलात वाटतं."

मी हसलो. असं हसणं मला चांगलं जमतं. मंगळी माझ्याशेजारी बसली तसे पलीकडचे एक गृहस्थ थोडे सरकले, म्हणजे जागा देण्यासाठी नव्हे. समोर विमलबाई म्हणून एक जाड बाई होत्या, त्यांना नागोठण्याला उतरायचं होतं. ही माहिती त्यांनी गाडी सुटायच्या आत तिघांना दिली होती.

गाडी सुटली. मी मनातल्या मनात वहिनींसमोर म्हणायचं वाक्य जुळवत होतो. वहिनी, आपण जरा शांतपणे विचार केला तर. खोडलं. वहिनी, काळ बदलतो आहे. हेही खोडलं. वहिनींसमोर काळ बदलल्याचं मी कधी पाहिलेलं नाही.

"काका," मंगळी हळूच म्हणाली, "हे तेच ना? तुमचे साहेब?"

"कोण? हैबतराव? हो. तू कशी ओळखतेस?"

"माजा बा तुमच्या वाचनालयात चहाच्या चुलीला लाकडं टाकायला यायचा. बासष्ट साल असंल. मी त्याच्या कमरेवर. चार वर्सांची. एकदा तो दारातनं पुस्तकातली चित्रं बघत उभा राहिला. दिवाळीचं जाड पुस्तक होतं. हे साहेब आले आनि म्हनाले, पुस्तकं मोजून घ्या."

माझा हात आमच्या गणपतीचा रुमाल सरळ करायला गेला.

"आनि तुमी मोजलीत," मंगळी म्हणाली. "बा उभा राहिला तिथंच. सगळी मोजून होईपर्यंत. बा नंतर सांगायचा, भला माणूस हाय, बिचाऱ्याचा आकडा दोनदा चुकला, घामाघूम झाला."

आकडा तीनदा चुकला होता. दोन हजार एकशे चार पुस्तकं होती, आणि एकही कमी नव्हतं. चौतीस वर्षं मी असं समजत आलो की ही गोष्ट मला आणि त्या पुस्तकांनाच माहीत आहे. मोतीराम गेला. मी त्याला कधी आत ये म्हटलं नाही, ते दिवाळीचं पुस्तकही दाखवलं नाही. आणि तो मला भला माणूस म्हणत गेला!

मी उभा राहिलो. मला खरोखर फक्त उभं राहायचं होतं, पाय मोकळे करायला. पण गाडीला हिसका बसला, मी वरची दांडी धरली, आणि दांडी धरून उभा राहिलेला माणूस आता काहीतरी बोलणार असं डब्याला वाटलं. सगळे गप्प झाले.

"या गणपतीचे डोळे," मी म्हणालो, आणि माझा आवाज कुठल्या तरी दुसऱ्याच, अंगाने धडधाकट माणसाचा असल्यासारखा बाहेर आला, "या गणपतीचे डोळे हिने काढलेत. हिचं नाव मंगळी. ही मोतीराम कातकऱ्याची मुलगी आहे. सहा वर्षं ही गोणपाटाच्या मागे बसून डोळे काढते आणि पुढे जो माणूस दिसतो त्याचा ब्रश कोरडा आहे!"

बोललो आणि खाली बसलो. तळपायापासून डोक्यापर्यंत मुंग्या येत होत्या. आपण आता मरणार, असं वाटलं आणि त्याचं काही विशेष वाटलं नाही.

"कोणाचा कारखाना?" विमलबाईंनी विचारलं.

"कमळाकरचा."

"अगो बाय! आमचा कमळाकरकडचाच!" त्यांनी मांडीवरच्या मूर्तीला दोन्ही हातांनी धरलं. "माझ्या देवाचे कोणी काढले?"

"तोंड बघितल्याशिवाय कसं सांगू?" मंगळी म्हणाली.

"वाटेत तोंड नाय उघडायचं."

"मग नका उघडू."

कासू स्टेशन गेलं. विमलबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचा उजवा हात रुमालाच्या टोकाशी चाळा करत होता. अखेर त्यांनी देवाला नमस्कार केला, "माफ कर रे बाबा," म्हणाल्या, आणि रुमालाचा कोपरा वर केला. मंगळी वाकली.

"माजे."

"हाय कनी!" विमलबाई किंचाळल्या. "मी सकाळी कमळाकरला म्हटलं, यंदा कसा हसतोय बघ! तो मेला म्हणतो, माझ्या हाताला यश हाय!"

त्यानंतर जे झालं ते मी पुन्हा बघेन असं वाटत नाही. बाकावरून बाकावर रुमाल वर व्हायला लागले. "माझा बघ गो." "इकडे, बाय, इकडे." "अरे सरक, तिला येऊ दे." मंगळी चालत्या गाडीत एका गणपतीकडून दुसऱ्याकडे जात होती, वाकत होती आणि सांगत होती, "माजे. हे माजे नाय, कमळाकरनं सोता काढले. हे दुसऱ्या कारखान्याचे. हे माजे, पन त्या दिवशी लाईट गेली होती." डबाभर गणपती तोंडं उघडी टाकून एकमेकांकडे बघत होते. मघाशी सरकून बसलेले ते गृहस्थ आता मान ताणत होते. सगळे असे नव्हते, हे सांगायला हवं. टोकाच्या बाकावरची एक म्हातारी आपली मूर्ती घेऊन दरवाजाजवळ जाऊन उभी राहिली आणि शेवटपर्यंत आत आली नाही. कोणीतरी 'कातकरी' या शब्दाच्या पुढे काहीतरी पुटपुटला आणि विमलबाईंनी त्याला "मोठ्यानं बोल, आमाला पन ऐकू दे" म्हटल्यावर गप्प झाला.

सगळ्यात वाईट वाटलं ते केरू नावाच्या एका शेतकऱ्याला. त्याच्या गणपतीचे डोळे मंगळीने बघितले आणि मान हलवली.

"माजे नायत."

"का नाय?" केरू रडकुंडीला आला. "मी आषाढात सगळ्यांच्या आदी पाट दिला होता!"

डबा हसून लोटपोट झाला. मीही हसलो, चष्मा काढून पुसावा लागला. त्या वेळी मला असं वाटत होतं की एवढं सोपं होतं, इतकी वर्षं मी उगाच पाटीखाली बसलो. हे चूक होतं, हे मला तासाभरातच कळणार होतं, पण त्या वेळी वाटलं.

"हैबतराव, तुमचाबी कमळाकरकडचाच ना?" कोणीतरी विचारलं.

हैबतरावांनी मूर्ती पोटाशी धरली. "मी वाटेत तोंड उघडणार नाही. काही रीत आहे की नाही?"

नागोठणं आलं, विमलबाई मोरया करत उतरल्या आणि गाडी पुन्हा सुटली तशी खिडकीतून वाऱ्याचा झोत आला. हैबतरावांचा रेशमी रुमाल उडाला तो थेट माझ्या तोंडावर येऊन बसला. मी तो काढला तेव्हा मंगळी त्या मूर्तीसमोर उभी होती. हैबतराव तिच्याकडे बघत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आकडा चुकलेला माणूस जसा दिसतो तसे ते दिसत होते.

मंगळीने अंमळ निरखून बघितलं.

"नाय," ती म्हणाली. "हे माजे नायत."

हैबतरावांनी सुस्कारा टाकला, रुमाल माझ्या हातातून घेतला आणि देवाचं तोंड झाकलं. रोहा येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत हसत होते.

गाडी थांबल्याबरोबर ते उतरले आणि त्यांनी रिक्षा केली. आम्ही चालत निघालो. माझी मघाची नशा अजून उतरली नव्हती. मी मूर्ती घेऊन जवळजवळ नाचत चाललो होतो, आणि म्हणूनच नाक्यावर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मूर्ती एका बाजूला कलंडली. मंगळीने ती झेलली.

"द्या. मी धरते."

तेव्हा आम्ही आळीत शिरलो ते असे: पुढे मंगळी, तिच्या हातात वहिनींचा गणपती, आणि मागे मी, हातात तुटकी चप्पल. हैबतरावांची रिक्षा आधीच पोचली होती, हे आळी बघूनच कळलं. प्रत्येक दारात कोणीतरी उभं होतं. माझी नशा उतरली. घसा इतका कोरडा पडला की गोविंदाचा ब्रश बरा.

आमच्या दारात वहिनी काठी टेकून उभ्या होत्या. शेजारच्या बायजाबाईच्या हातात ओवाळायचं तबक आणि पाण्याचा तांब्या. आमच्याकडे गणपती घेऊन येणाऱ्याच्या पायावर दारात पाणी घालतात आणि मगच त्याला आत घेतात. दरवर्षी ते माझे पाय असतात. हे मला त्या क्षणी आठवलं. वहिनींनाही आठवलं असावं, कारण त्या मंगळीच्या पायांकडे बघत होत्या.

"वहिनी," मी सुरुवात केली, आणि सगळी वाक्यं एकदमच बाहेर पडली. "हिने डोळे काढलेत, आणि पुढे उजेड आहे पण ही मागे बसते, आणि मी पुस्तकं मोजली होती!"

"कसली पुस्तकं?" वहिनी म्हणाल्या.

"दोन हजार एकशे चार."

वहिनींनी माझ्याकडे निरखून बघितलं. मी तीन वर्षांचा असताना त्या या घरात सून म्हणून आल्या. मला त्यांनी न्हाऊ घातलेलं आहे. "भावजी," त्या म्हणाल्या, "सहासष्ट वर्सांत तुमी दारात उभं राहून एवढं मोठ्यानं बोलला नाय. काय पिऊन आलाव काय?"

आळीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"गिरजाबाई, मी सांगितलं ना तुम्हाला," पलीकडच्या ओट्यावरून हैबतराव म्हणाले. "माझे डोळे तिचे नाहीत. तिनेच सांगितलं. पण तुमचे… तुम्ही बघा बुवा."

मंगळीच्या हातातली मूर्ती जड होती, तिच्या दंडाच्या शिरा ताठल्या होत्या. पण ती हलली नाही. मला कळत होतं की आता पुढे होऊन मी मूर्ती घेतली तर सगळं सुटेल: माझ्या पायांवर पाणी पडेल, मंगळी दाराबाहेर उभी राहील आणि कोणालाच काही ठरवावं लागणार नाही. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. त्या याचीच वाट बघत होत्या. माझे हात पुढे जायला निघालेसुद्धा, म्हणून मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि चप्पल घट्ट धरली.

एक मिनिट तरी गेलं असेल.

"देवाला दारात किती वेळ ठेवायचं?" वहिनी शेवटी म्हणाल्या. मला म्हणाल्या, की हैबतरावांना, की स्वतःलाच, कोण जाणे. त्यांनी बायजाबाईच्या हातातून तांब्या घेतला आणि लांबून, वरून, पाण्याची धार सोडली.

"पायावर पडू द्या आजी," मंगळी म्हणाली, "उंबरा धुतला जातोय."

वहिनींनी तांब्या थांबवला. मला वाटलं, आता संपलं. मग त्या काठी टेकत दोन पावलं पुढे आल्या, कण्हत वाकल्या आणि मंगळीच्या पायांवर पाणी घातलं. डाव्यावर, मग उजव्यावर. "जीभ लांब हाय गो तुझी," त्या म्हणाल्या.

"आत कुटवर येऊ?" मंगळीने विचारलं.

"मग देव काय उडत जानार मखरात?"

मूर्ती मखरात ठेवली. रुमाल काढला. वहिनी समोर उभ्या राहिल्या आणि लगेच म्हणाल्या, "डोळे खाली बघतायत."

"बसा आजी."

"का बसू?"

"बसा तर."

वहिनी खुर्चीत बसल्या. आणि काठी मांडीवर आडवी धरून मूर्तीकडे बघत राहिल्या. मी वाकून त्यांच्या डोक्याजवळ डोकं नेलं आणि बघितलं. गणपती सरळ वहिनींकडे बघत होता. आणखी कोणाकडे नाही. गेली सात वर्षं, गुडघे गेल्यापासून, तो त्यांच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असे.

"हं," वहिनी म्हणाल्या. मग घसा खाकरून, दारात जमलेल्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "भावजी, त्या कमळाकरला सांगा, पडदा काढ म्हनावं. अंधारात बसवतो पोरीला, डावा डोळा किती वाकडा झालाय बघा."

"डावा डोळा बरोबर हाय आजी," मंगळी म्हणाली.

"अगो, गप! तुला उजेड पायजे का नको?"

मला त्या वेळी वाटलं की उडी मारावी. मारली नाही, एका पायात चप्पल नव्हती.

चहा आला. वहिनींना आणि मला कपात, मंगळीला स्टीलच्या ग्लासात. कोणी मुद्दाम केलं नसेल. हात तसाच जातो. मी माझा कप मंगळीपुढे सरकवला आणि ग्लास उचलला. ग्लास भयंकर भाजत होता, तरी मी तो खाली ठेवला नाही. वहिनींनी ते बघितलं आणि पदराने तोंड पुसलं.

परतीच्या गाडीत डबा रिकामा होता. मी फार खूश होतो आणि बडबडत होतो. वहिनी कशा बसल्या, कशा बघत राहिल्या, हे तिसऱ्यांदा सांगत होतो. मंगळीने मध्येच विचारलं, "काका, आनि डोळे वाकडे आले असते तर?"

मी तुटकी चप्पल या हातातून त्या हातात घेतली.

"तरीबी पाय धुवायलाच पायजे होते ना?"

"हो," मी म्हणालो. "तरीही."

"मग ठीक." ती खिडकीकडे वळली. थोड्या वेळाने म्हणाली, "त्या साहेबाच्या देवाचे डोळे माजेच हायत."

"काय? मग नाही का म्हणालीस?"

"माजं नाव मी कोनालाबी का देऊ?"

कासूपर्यंत मला हसू आवरत नव्हतं. तिकीट तपासनीस येऊन माझ्याकडे बघून गेला.

कमळाकरने पडदा काढला, पण आपल्या हाताने नव्हे; माणसाला सांगितलं आणि तो काढला जात असताना दुसरीकडे बघत राहिला. यंदा आषाढात रोह्याचा टेम्पो आला तेव्हा वहिनींच्या पाटाखाली खडूने नाव होतं आणि नावाखाली लिहिलं होतं, 'आखणी मंगळीची'. नागोठण्याहून विमलबाईंचा पाट तसाच आला. केरूने पाटाच्या चारही कोपऱ्यांवर लिहून पाठवलं होतं. पाच घरांनी पाट दिले नाहीत. ते पाच पाट कोणाचे हे आम्हाला माहीत आहे, आणि मला ते विसरता येत नाही, पण मंगळी म्हणाली, जागा झाली तेवढीच.

आता ती पुढच्या ओट्यावर बसते. आखणीची हजेरी घेते. गोविंदा तिच्याशेजारी बसून रस्त्यावरच्या लोकांना सांगतो की हिला मी शिकवली, आणि ती त्याला सांगू देते. मी रोज संध्याकाळी वाचनालयातलं एखादं चित्रांचं दिवाळी पुस्तक घेऊन तिथे जातो. हे मोतीरामसाठी उशिरा आहे, ते मला समजतं.

काल तिथे गेलो तेव्हा तिच्यासमोर एक दीड फुटी मूर्ती होती. तिने मला पाटाची खालची बाजू दाखवली. अक्षर मी लगेच ओळखलं, वाचनालयाच्या नोंदवहीत ते मी अनेक वर्षं बघितलं आहे. 'हैबतराव. रोहे. डोळे गेल्या वर्षीप्रमाणेच हवेत.'

आम्ही दोघं पोट धरून हसत सुटलो. गोविंदा विचारत होता, काय झालं, काय झालं. मंगळीने डोळे पुसले, ब्रश रंगात बुडवला आणि मूर्तीसमोर बोटांनी अंतर मोजायला घेतलं.

"काका," तिने विचारलं, "किती उंच हाय हो तो मानूस?"

मी विचार केला.

"थोडा कमीच धर," मी म्हणालो.